सुवाच्य अक्षर

माझं अक्षर चांगलं, म्हणून मला बंदूक मिळाली नाही.
मास्तर कार्तोदिवीर्यो म्हणाले, तू इथे बस,
आणि शाईची दौत समोर ठेवली.
गोठा होता तो. शेजारी म्हैस रवंथ करत होती.

खाली शहर पडलं होतं. पहाटे आभाळातून छत्र्या उतरल्या,
दुपारपर्यंत कचेरीवरच्या लाल-पांढऱ्या झेंड्याला
जुनी निळी पट्टी परत आली.
प्रजासत्ताक तेव्हा साडेतीन वर्षांचं,
माझ्या धाकट्या बहिणीएवढं.
तिला ‘र’ म्हणता येत नव्हता.
ती ‘लेपुब्लिक’ म्हणायची, आणि आम्ही हसायचो,
हळू, कारण नदीपलीकडे डच ठाणं होतं.

पण सरकार म्हटलं की शिपायांचा भात आला,
मीठ आलं,
आणि मीठ कुणी फुकट देत नाही, देशालासुद्धा.
म्हणून आम्ही पैसे करायचो.
शाळेच्या वहीचा दुरेघी कागद,
फणसाच्या लाकडात उलटा कोरलेला ठसा,
कोपऱ्यात माझ्या हातचा क्रमांक
आणि त्याखाली एक ओळ, तीही माझ्याच हातची:
धारकास हे प्रजासत्ताक देणे लागते.
दिवसाला दोनशे वेळा मी देशाला कर्जात घालायचो
आणि रात्री बोटं शेकत बसायचो.

दर पाचव्या दिवशी, पोनच्या बाजाराला,
म्बोक सारिन्तेन पाठीशी टोपली बांधून चढून यायची.
सागाच्या पानातलं टेंपे, माडाचा गूळ,
कधी मूठभर सुकी मासळी.
तिला वाचता येत नव्हतं. ती नोट नाकाशी धरायची.
‘म्हशीचा वास येतोय,’ म्हणायची, ‘म्हणजे खरी.’
ठाण्यावर राणीचं तोंड छापलेल्या नोटा मिळत,
पापडासारख्या कडक.
त्या तिने घेतल्या नाहीत.
एकदाच बोलली त्याबद्दल, टोपली उचलता उचलता:
‘त्या बाईला मी कुठे ओळखते?
तू निदान समोर बसलेला दिसतोस.’
त्या रात्री मी क्रमांक तीनदा चुकलो.

मग वागियो नावाडी.
गस्तीला त्याच्या कमरेच्या गाठीत एक नोट सापडली,
एकच. ३११८.
क्रमांक मला माहीत आहे, कारण गस्त गेल्यावर
ती चिखलातून कुणीतरी आणून दिली,
आणि त्यातल्या आठाच्या शेपटीला
मी उगाच एक वळसा दिला होता. हौसेने.
त्यानंतर मी आठ साधा काढतो.

ते गेले. जहाजं भरभरून गेले, पियानोसकट.
मोठ्या टेबलांवर सह्या झाल्या,
आणि नव्या नोटा आल्या, गुळगुळीत, यंत्रावरच्या.
जुन्या बदलून मिळतील, असं पत्रक निघालं:
शंभराला एक.
मला खिडकीमागे बसवलं. अक्षर चांगलं होतं ना.

सारिन्तेन रांगेत सकाळपासून होती.
सागाच्या वाळक्या पानातून तिने गठ्ठा काढला.
मी मोजला. पुन्हा मोजला,
जणू दुसऱ्यांदा मोजून काही वाढणार होतं.
हातावर ठेवले ते पैसे
दोन साबणवड्यांचे.
तिने ते पाहिले. मग मला पाहिलं.
‘अक्षर तुझंच ना?’
‘माझंच.’
‘हं.’

मागचे लोक ढकलू लागले.
तिने गठ्ठ्यातली वरची एक नोट परत ओढली,
नाकाशी धरली, जरा वेळ.
‘वास गेला की रे,’ म्हणाली,
आणि तरी ती कनवटीला लावून चालती झाली.

संध्याकाळी हिशेबात एक नोट कमी भरली.
वहीत कारणाचा रकाना होता.
बराच वेळ टाक धरून बसलो,
शाई वाळली, पुन्हा बुडवला,
आणि त्या रकान्यात
सुवाच्य, सरळ,
एक आडवी रेघ ओढली.