वहीतली नोंद

रामकुंडापासून दोन गल्ल्या आत,
जिन्याखालच्या खोलीत
गुरुजींनी लाल फडक्यातून वही सोडली.
"खैरनार. मूळ गाव?"
"नामपूर."
त्यांचं बोट सात पिढ्यांच्या शाईवरून उतरलं
आणि थांबलं.

तुमचं अक्षर, अप्पा.
आजोबांच्या दहाव्याला आला होतात,
नदीत उतरला नाहीत, डोकं भादरलं नाहीत,
एवढंच लिहिलंत:
आलो. वडिलांसाठी आलो. देव मानत नाही.
खाली सही, नोटांच्या छापखान्यात
हजेरीपटावर करायचात तशी,
शेवटी ठिपका दाबून.

"हे खोडलं नाही कुणी?"
"खोडायचं कसं? नोंद आहे."
मग चष्मा पुसत म्हणाले,
"न मानायलाही बाई, आधी त्याचंच नाव घ्यावं लागतं.
हीसुद्धा निष्ठाच."

तुम्ही असतात तर उसळला असतात.
कुंड आटलं त्या उन्हाळ्यात
तळातल्या पायऱ्या मोजून मी म्हटलं, पाणी नाही,
तर ती काय कोरडेपणाची पूजा झाली?

बरोबर, अप्पा.
पण पाणी आल्यावरही तुम्ही मोजतच राहिलात.
आईला अन्नपूर्णा तूरडाळीच्या डब्यात ठेवावी लागली,
बावीस वर्षं.
डाळ काढताना तिचा हात जरा जास्तच खोल जायचा,
आणि बाहेरून तुमचा आवाज,
आपल्या घरात देव नाही,
असा, की शेजारच्या आरतीची टाळी चुकावी.

आणि तरी
दिवसभर ज्या यंत्रात नुसता कागद जायचा
आणि साऱ्या देशाचा विश्वास होऊन बाहेर पडायचा,
त्यातलं चिटोरंही कधी घरी आलं नाही.
झडतीच्या भीतीने नाही.
वरून कुणी बघतंय म्हणून तर नाहीच.
हे कुठल्या रकान्यात घालू?

शेवटी कुणाचं नाव घेतलं, सगळे विचारतात.
तुम्ही म्हणालात, पंखा जरा कमी करा.

गुरुजींनी पेन पुढे केलं.
"मुली सहसा लिहीत नाहीत. लिहा."
मी लिहिलं: आले. अप्पांसाठी आले.
आणि पेन तसंच धरून बसले.
डब्यातली अन्नपूर्णा आता माझ्याकडे आहे,
अजून डाळीतच;
तिला बाहेर काढू की राहू देऊ,
एवढंही ठरत नाही मला.

"तिसरं वाक्य?" गुरुजींनी विचारलं.
खाली घाटावर कुणीतरी
कावळ्याला हाका मारत होतं.
मी जागा सोडली, साधारण एका ओळीची.
गुरुजींनी वही लगेच मिटली नाही.
शाई ओली होती.