मोरी

जिन्याखालची जागा, चार बाय पाच.
सिद्राम गवंडी म्हणाला, टाइल्सचे नऊ हजार.
माझ्याकडे भिशीचे साडेतीन.

मग शहाबादीच, कडा उडालेली, अर्ध्या भावात.
चुन्यात नीळ मीच कालवली;
खिडकीकडं जरा जास्त पडली,
तिथं आता कायम तिन्हीसांज.

भंगारात जाणाऱ्या मागाचा दांडा
यांनी भिंतीत आडवा ठोकला.
बावीस वर्षं ह्याच्यावर टॉवेल विणले,
आता वाळवू, म्हणाले.
हसले नाहीत.

मशीन दिवाळीनंतर बघू.
तिची जागा मात्र खडूनं आखलीय,
सध्या तिथं पिंप.

पाचव्या दिवशी पाणी येतं, पहाटे तीनला.
पिंप भरून वाहतं,
खडू पुसून जातो.

उजाडल्यावर पुन्हा आखते.
या खेपेला सात किलोची.