तिसरी क्लिप

कंपनीचा स्पीकर म्हणजे कागदच, मुबीन म्हणाला,
आणि दाराच्या पोटातून काढून हातावर ठेवला:
काळा, हलका, कडेला कुरतडल्यासारखा,
मागे रुपयाएवढं चुंबक.
साडेसहा लाखांच्या गाडीत
दोनशे रुपयांचा आवाज.

जाफरनगरच्या त्याच्या गाळ्यात
सकाळी दहालाच पत्रा तापून राहिला होता.
मे महिना. या गावात डिंकसुद्धा
उन्हाला विचारून धरतो.
ट्वीटर डॅशबोर्डवर नको ताई,
पारा पंचेचाळीसच्या वर गेला का गळून पडते,
खांबात बसवू.

बाबा प्लास्टिकच्या स्टुलावर, मानेला ओला रुमाल,
काही विचारत नाहीत.
तांडापेठेत एका खोलीत चार माग,
एकोणतीस वर्षं,
खट-खटाक, खट-खटाक.
त्या खोलीनं त्यांच्या कानातून आधी रातकिडे नेले,
मग मोबाइलची बीप,
मग माझ्या नावातला स.
फोनवर मी स्नेहल बोलते म्हणते
तेव्हा त्यांना कोण बोलतंय असं वाटत असेल,
विचारलं नाही कधी.

गाडी माझी, हप्ता माझा,
बुटीबोरीला जाता-येता रोजचे दोन तास माझे.
हौसही माझीच म्हणायची.
त्यांना बरोबर का आणलं, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

बॅटरीपासून लाल वायर, मध्ये फ्यूज,
इंजिनमागच्या भिंतीतल्या रबरी बुचातून आत,
सीटखाली अॅम्प्लिफायर.
कपलरला कपलर, मूळची एक वायर तोडली नाही:
तोडली का कंपनी वॉरंटीवर हात वर करते.
मग दाराच्या उघड्या पत्र्यावर
काळं डांबरी कातडं, रोलरनं दाबत दाबत.
लावायच्या आधी टिचकी मारली: टण्ण.
लावल्यावर: ठप्प.
त्या ठप्पला बाबांनी
पहिल्यांदा मान वर केली.

वाजवलं.
तबला असा आला की बोटं मोजावीत,
आणि त्याच्या पाठोपाठ
दारात कुठेतरी
खर्रर्र.

मुबीननं पॅनेल दोनदा उघडलं, दोनदा लावलं.
वायरींना फेल्टची पट्टी गुंडाळली,
काचेची पट्टी दाबली, हँडल दाबलं,
माझ्याकडे असं पाहिलं की जणू खरखर मीच घेऊन आले.
पोऱ्या चहा आणायला गेला.

बाबा उठले.
चालू ठेव, म्हणाले,
आणि दारावर तळवा ठेवला,
ताप पाहावा तसा.
वर. मध्ये. खाली.
डोळे बंद नाही केले, उगाच काही नाही,
समोरच्या टायरच्या दुकानाकडे बघत होते.
मग बोट टेकलं:
इथं. खालून तिसरी.

क्लिप तुटलेली होती.
पाच रुपयांची पांढरी क्लिप.

काका, तुम्हाले तर ऐकू येत नाही म्हणे?
ऐकून कोण राहिलं बाप्पा, बाबा म्हणाले,
मागाच्या अंगावर हात ठेवला
का तो सांगते कुठं दुखते ते.

मुबीननं बिलातले तीनशे कमी केले.
जुने स्पीकर बाबांनी पिशवीत मागून घेतले,
चुंबक कामी येते म्हणून.

परतताना मी आवाज वाढवला.
खांबातून झांजा येत होत्या,
बारीक, वेगळ्या, एकेक.
बाबांचा तळवा दारावरच होता,
ठेका त्यांच्यापर्यंत पोचत होता, ते दिसत होतं.
मग त्यांनी बोटानं खांब दाखवला:
हे वरचं वाजून राहिलं का?
हो बाबा, वाजून राहिलं.
कसं?

गोळीबार चौकापर्यंत मला उत्तर सुचलं नाही.
सिग्नलला म्हणाले, मोठ्यानं,
नखावरून जर ओढली ना, तसं.

त्यांनी मान हलवली.
हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला,
मी गिअर टाकला,
आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं,
ते चिमटीत काहीच नसताना
अंगठ्याच्या नखावरून
काहीतरी हळूच ओढून पाहत होते.