ठोके

दाभोळच्या धक्क्याला फेरीबोट लागता लागता
बिलाल होडेकरच्या खिशातून फोन गेला.
ओहोटी होती म्हणून सापडला,
निवट्यासारखा चिखलात डोकं वर काढून.

दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. सगळेच ठेवतात.
तांदूळ मीठ ओढत नाही,
हे मी दुकानात पाटी लावून लिहिलंय.

तिसऱ्या दिवशी आला. बसला नाही.
म्हणाला, "स्क्रीन गेली तर जाऊ दे, फोटो गेले तर जाऊ देत.
आत पैसे आहेत."
मला वाटलं कव्हरमागे नोट असेल,
पाचशेची एक असतेच बहुतेकांच्या.
"तसले नाहीत," म्हणाला, आणि दाराकडे बघितलं.

टँकरवर ऑइलर. नऊ महिने पाणी, तीन महिने घर.
दर पगारातले थोडे
असल्या नाण्यांत, जी वाजत नाहीत.
चावी ह्याच फोनात. दुसरीकडे कुठेच नाही.
चोवीस शब्द उतरवून ठेवा, असं फोननं सांगितलं होतं;
सुएझच्या रांगेत ह्यानं "नंतर" दाबलं होतं.

बोर्ड बाहेर काढला.
चार्जिंगच्या तोंडाशी हिरवं धरलेलं,
न घासलेल्या घंगाळाला चढतं तसं.
ब्रश, स्पिरिट, पुन्हा ब्रश.
भिंगाखाली तासभर माझाच श्वास मला ऐकू येत होता.
मधोमध ती चिप, काळी, चौकोनी.
सहा वर्षांचा इंजिनरूमचा घाम, आणि आकार नखाएवढा.

आता खरं सांगायचं तर
ह्या जातीच्या फोनात एक खोट आहे.
नंतर शिरलेली नाही, म्हणून नंतर काढताही येत नाही.
चिप घडली तेव्हाच आत राहिली,
जांभ्यात भोक राहतं तशी.
फोन जागा होतो त्या पहिल्या क्षणी
वीज किंचित चुकवायची, पापणीच्या हजाराव्या हिश्शाएवढी,
आणि चिप "कोण?" विचारायचंच विसरते.
ते यंत्र काडेपेटीएवढं असतं. मागवता येतं.
मला हे कुणी सांगितलं ते सोडा.

"पासकोड किती?" रोज वीस जणांना विचारतो.
चेक करायला लागतो, म्हणतो. देतात.
लग्नाची तारीख, मुलीचा वाढदिवस, रिक्षाचा नंबर.
होडेकरनं दिला नाही.
मला राग आला,
आणि राग आला तेव्हा कळलं
की मी नुसतं विचारत नव्हतो.

माझ्याकडची जुनी स्क्रीन जोडली. साडेचारला उजेड आला.
कंदिलाला वारा लागू नये तसा
हाताचा आडोसा करून त्यानं आकडे दाबले.
बघत राहिला. किती, ते बोलला नाही.
फक्त खाली बसला, पहिल्यांदाच.

"कागदावर लिही आता तरी."
"कागद? आमच्या घरात? कसर निकाहनामा खाऊन गेली."

मग चिपळूणहून अक्षरांचे पंच आणले,
इंजिनावर नंबर मारतात तसले,
आणि स्टीलची एक वीतभर पट्टी.
घरी ठोकलं तर आळी गोळा होईल,
म्हणून माझ्या मागच्या खोलीत.
मी दारात बसलो, त्याच्याकडे पाठ करून.

ठक ठक ठक ठक. थांबला.
ठक ठक ठक ठक ठक ठक. थांबला.
मग तीन.
डोळे रस्त्यावर होते, समोर बर्फाचा टेंपो गळत होता,
पण कान हिशेबाला बसले होते.
पाचव्या शब्दाला बघितलं,
माझा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरतोय.

उठलो.
टेबलावर दुरुस्तीला काहीच नव्हतं.
तरी ब्लोअर चारशे डिग्रीवर लावला, पुरा आवाज,
आणि आत तो ठोकत होता तोवर
बाहेर मी उभ्यानं
नुसती हवा तापवत राहिलो.