फुटेल बांगड्यासवर बी

हिलालभाऊ सायकल भिंतीला टेकवतो,
उंबऱ्याबाहेरूनच म्हणतो,
ताई, पार्सल शे, पन पैसा भरना पडतीन.
कितला?
सतराशे चौदा.
येमा काय सोनं शे का वो?

सोनं नाही, हिलालभाऊ, मणी.
जपानचे, काचेचे, तिळाहून बारीक,
आणि सगळे एका मापाचे.
आपल्या बाजारातला मणी स्वभावाने चांगला,
पण एक जाड, एक रोड,
मुंडावळीची कड नवरीच्या कानापर्यंत पोचेतो
पांदीसारखी वाकडी होते.
आखाजीनंतरच्या लग्नाची ऑर्डर आहे, शिरपूरची.
मनी? म्हणतो तो. ण त्याच्या जिभेवर ठरत नाही.
त्याच्या अहिराणीत मनी म्हणजे माझी.

तेवीस दिवस डबा मुंबईत पडून होता.
रोज मोबाईलवर एकच ओळ:
सीमाशुल्क विभागाने रोखले आहे.
मी रात्री उठून वाचायची,
जसं कुणी आपलं माणूस
चौकशीला बसवून ठेवलंय.

नाना कानाने कमी,
पण शुल्क हा शब्द त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येतो.
एकतीस वर्षं अमळनेरच्या धुळे रोड नाक्यावर
नगरपालिकेचे जकात कारकून.
नाका गेला. तिथे आता रसवंती आहे,
तिची घुंगरं वाजली की नाना अजून
बांबू खाली आलाय का ते बघतात.

चष्मा पुसतात. पेन्सिल मागतात.
कॅलेंडरचं मागचं पान फाडतात, चैत्राचंच, चालू महिन्याचं.
माल दोन हजार आठशे. टपाल अकराशे.
टपालावरसुद्धा कर?
मग! हमाली धरायचोच की आम्ही.
त्यावर शुल्क, शुल्कावर अधिभार,
आणि सगळ्याच्या बेरजेवर पुन्हा कर.
म्हणजे लग्नातला मानपान झाला, मी म्हणते,
व्याह्याला टोपी, व्याह्याच्या भावाला टोपी,
मग त्या दोन टोप्यांना हार.
नाना हसत नाहीत. खाली दोन रेघा ओढतात.
चोख आहे, म्हणतात. कुणीतरी नीट बसून केलंय.

किती दिवसांनी असा चेहरा.
आणि मला राग येतो:
सतराशे चौदा माझे, सिलिंडरसाठी ठेवलेले,
आनंद त्यांचा.

हिलालभाऊ नोटा दोनदा मोजतो, सही घेतो, पाणी पितो, जातो.

कात्रीने चिकटपट्टी कापते.
आठ नळ्या. सात धड.
आठवी तडकलेली, नेमकी मोतिया रंगाची,
काच काचेत मिसळून गेलेली,
बोट घातलं की मणी कुठला आणि नळी कुठली
ते रक्तच सांगणार.
याच्यावरही भरले, मी म्हणते.
कुणाला उद्देशून नाही.

नाना बराच वेळ काही बोलत नाहीत.
मग, जैतूनबी होती, म्हणतात, पारोळ्याची मणियारीण.
टोपलीभर बांगड्या घेऊन यायची.
एकदा एसटीत टोपली पडली. निम्म्या फुटल्या.
मी सगळ्या मोजल्या.
नगावर होती ना जकात. फुटली तरी नग नगच.
पावती दिली मी तिला.
टोपली डोक्यावर घेऊन निघाली ती उन्हात,
बांबूपलीकडून वळून म्हणाली,
भाऊ, फुटेल बांगड्यासवर बी?

स्टीलचं ताट मागून घेतात.
खिडकीशी बसतात, शिवणाची सुई ओली करून
एकेक मणी काचेतून उचलतात.
मी पंखा बंद करते, मणी उडू नयेत म्हणून.
त्रेचाळीस डिग्रीत त्यांची बंडी पाठीला चिकटते.
मला म्हणायचं असतं, राहू द्या.
नाही म्हणत.

दिवेलागणीला ताट सरकवतात.
चारशे बारा चांगले.
आणि फुटलेले?
ते नाही मोजले.

एक वेल कमी पडेल.
शिरपूरला फोन करायला हवा.