पेव

नाव मुबीननं ठेवलं.
हरिपूरला त्याच्या मामाच्या रानाकडेला
हळदीचं एक जुनं पेव, पुरानंतर रिकामंच राहिलेलं.
त्यानं तोंडाशी वाकून आत एक शिवी घातली
आणि ती खालून परत आली,
जरा जाड होऊन, जरा शहाणी होऊन.
"असा आवाज पायजे," म्हणाला.
सन्मती मगदूम तेव्हा काहीच बोलला नाही.
आम्हाला वाटलं, आवडलं.

सन्मती गायचा. म्हणजे ओरडायचा.
घरात कांदा नाही, लसूण नाही, चढा आवाज नाही;
सगळं साठवून रविवारी आणायचा
मार्केट यार्डात, सौदे बंद असलेल्या गोदामात.
मी बेसवर. ड्रमवर प्रभुदास,
मिशनच्या चर्चमध्ये हात बसलेला.
त्याच्या प्रत्येक ठोक्याला पत्र्यावरनं भुकटी झडायची,
आम्ही पिवळे होऊन घरी जायचो
आणि आई विचारायची, कुणाचं लग्न?

काजळ सन्मतीच्या बहिणीचं.
कॉलेजच्या गॅदरिंगला ते घामानं गालावर उतरलं,
मागच्या बाकावरनं कोणी ओरडलं,
"रडताय काय रं?"
हो, म्हणजे तेच तर चाललं होतं.
दुसऱ्या गाण्यात सरांनी माईक बंद केला.
उरलेलं कडवं त्यानं तसंच म्हटलं,
गळ्याच्या शिरा मोजता येतील असं.

मुबीनचे अब्बा मिरजेत सतारी करायचे.
गिटार मांडीवर आडवी घेऊन
त्यांनी घोडी घासली, तारेखाली दोरा सरकवला,
"सूर मेलेला होता. आता कुरकुरंल थोडा."
पुण्याच्या स्टुडिओतला माणूस म्हणाला,
तार कुठंतरी लागतेय, बदलून घ्या.
आम्ही नाही बदलली.
चार गाणी, तीनशे सीड्या,
त्यातल्या दोनशे चाळीस प्रभुदासच्या कॉटखाली.

मग तवेरा. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर,
इस्लामपूरला अकरा माणसं आणि जनरेटरवाला,
तो मात्र शेवटपर्यंत थांबला.
'कंदील' सगळ्यांना पाठ होतं:
उतरलास, आणि आत हवा नव्हती.
पोरं एकमेकांच्या खांद्यावर पडून म्हणायची,
प्रत्येकाची आपापली कोणी सोडून गेलेली.

दुसरा अल्बम स्वच्छ झाला.
मुबीननं नवी गिटार घेतली, दोरा काढावाच लागला नाही.
तो जास्त खपला.
कागलच्या नाक्यावर गाडी रांगेत असताना
कोणीतरी म्हणालं, पोचल्यावर बोलू.
पोचल्यावर सामान उतरवलं.
भांडण झालं असतं तर तारीख तरी लक्षात राहिली असती.

अकरा वर्षांनी विश्रामबागला एकच कार्यक्रम.
टकलं, चष्मे, खांद्यावर झोपलेली पोरं.
जुनी गिटार अब्बांच्या दुकानातनं, तंबोऱ्यांच्या रांगेतनं उतरवलेली.
'कंदील'च्या आधी सन्मती माईकवर म्हणाला,
"हे भैरूमामाचं आहे."
कोण भैरूमामा? हॉल ओरडत होता, कोणी विचारलं नाही.

नंतर चहाच्या गाडीवर त्यानं सांगितलं.
पेव उघडलं की आधी कंदील सोडतात.
विझला, तर वाट बघायची.
त्या दिवशी बाहेर ट्रक उभा होता
आणि आजोबा म्हणाले, उतर रं, काय होत नाही.
भैरू हमाल. सन्मतीला खांद्यावर घेऊन बाजार दाखवणारा.
सात वर्षांचा सन्मती काठावर उभा,
हातात कंदील. पेटवलेला.

आम्ही त्या नावाचे टी-शर्ट छापले होते.
एवढी वर्षं.
मुबीन कप हातात धरून बसला,
प्रभुदासनं पैसे दिले, दोनदा दिले.

परवा हरिपूरला गेलो होतो, दुसऱ्याच कामानं.
पेव बुजवलंय, वर कुणी गवार लावलीय.
जागेचा अंदाज घेऊन वाकलो,
तोंड उघडलं,
तेवढ्यात बांधावरनं एक बाई बघायला लागल्या,
म्हणून चप्पल नीट केली
आणि निघालो.