बुडबुडा विरेपर्यंत

डॉक्टर कोबालियाने पाकिटाच्या मागे डोळा काढून दाखवला.
पुढे काच. काचेला आतून चिकटलेला एक पापुद्रा,
केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड.
"मोतीबिंदू काढताना सुटला," ती म्हणाली,
"काठापासून. आत लोंबतोय.
म्हणून धुकं."

मी म्हटलं, साय.

ती लिहिता लिहिता थांबली.
चाळीस वर्षं दूध तापवतेय, बाई, मेस्तियाच्याही वर,
जिथे सप्टेंबरात पेटलेली चूल मे उजाडेपर्यंत विझत नाही.
भांड्याला धक्का लागला की साय एका कडेने सुटते.
सुटलेली साय कुणी परत बसवलेली
मी तरी पाहिली नाही.

"आम्ही बसवतो. हवेने."

आजारी वासरांच्या उशाशी
डोळ्यात तेल घालून जागलेय मी.
डोळ्यात हवा घालून निजायचं,
हे कुतैसीला येऊन ऐकलं.

सुई गेली ती कळली नाही.
धुक्यात काळ्या काठाची एक थाळी तरंगायला लागली, एवढंच.
पाठीवर निजा. छताकडे बघा.
छत माझ्या भाच्याचं, गुरामचं.
गवंडी माणूस, आणि त्याच्याच छताला भेग.
दुसऱ्या डोळ्याने पाहिलं तर भेग म्हणजे नदी,
तिला दोन ओढे.

चौथ्या दिवशी थाळी विरली
आणि साय पुन्हा सुटली.
कोबालियाने हळूच शिवी हासडली, तिच्या मिंग्रेली बोलीत,
म्हातारीला काय कळणार म्हणून.
कळली.
तेव्हापासून ती मला आवडते.

मग गॅस भरला. हवेपेक्षा चिवट.
"दोनेक आठवडे राहील. पण तोवर वर जायचं नाही."
वर म्हणजे घरी.
"वर हवा विरळ. बुडबुडा फुगेल,
डोळ्यात मावणार नाही."

बर्फाने अडवलंय मला, दरडीने अडवलंय,
एकदा नवऱ्यानेही, दारात आडवं उभं राहून.
बुडबुड्याने कधी नाही.

गुराम बॅटरी घेऊन माझ्यावर वाकतो.
"आत्या, मान जरा डावीकडे. आता उजवीकडे.
अरे, ही तर पाणसळ!
घर कुठे कललंय ते तुझ्या डोळ्यात दिसेल."
घर त्यानेच बांधलेलं.
मी काही बोलले नाही.

भावाचा फोन. त्सिरा व्याली, पाडी झाली,
पहिला चीक त्याच्या हातून करपला.
"तुला काय दिसतंय?"
छत, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ नुसता गोठा ऐकू येत होता.

थाळीची बशी झाली.
बशीचं झाकण.
आज सकाळी शर्टाचं बटण,
आणि बटणाच्या कडेने, ह्याच डोळ्याने,
भेगेच्या नदीला तिसरा ओढा.
उठून बसले आणि लगेच परत आडवी झाले,
निजायचं असतं ते आठवून.

"बसली," कोबालिया म्हणाली,
आणि टेबलाच्या लाकडावर तीनदा टकटक केलं.
कायमची?
"ते तुम्हीच सांगा. साय तुमची."

बटण विरलं की निघेन.
गुराम शिडी घेऊन आलाय, सिमेंट कालवलंय,
म्हणतो, लाज वाटते, भेग बुजवून टाकतो.
मी म्हटलं, राहू दे रे.
दोन दिवस अजून
तिथेच राहायचंय मला.